चिमीच्या रॉकेटचा डबा

चिमी रॉकेट बनवतेय ही बातमी घरात फुटली ती मिऱ्याच्या पुडीपायी. वहिनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर मिऱ्याची पूड शोधत होत्या. हाताला घट्ट झाकणाची एक छोटी डबी लागली. आत काळी, रवाळ पूड. त्यांनी चिमूटभर घेतली, नाकाशी नेली, वास ओळखीचा वाटेना म्हणून जिभेला लावणार, एवढ्यात दारातून चिमी ओरडली, "वहिनी, थांबा! ती बंदुकीची दारू आहे!"

वहिनींनी आधी डबी खाली ठेवली आणि मग स्वतःला. स्टुलावर बसून त्यांनी नणंदेकडे पाहिलं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी ही बाई.

"आपल्या घरात? दारू? कशाला?"

"रॉकेटला."

"कुठल्या रॉकेटला?"

"माझ्या," चिमी म्हणाली, आणि आता सगळंच सांगावं लागणार हे तिच्या ध्यानात आलं.

"चिमाताई," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा इथं माझ्याजवळ बसा. मला उठवत नाहीये."

पन्नाशी उलटली तरी चिमी ही चिमीच राहिली होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पडलेलं नाव, आणि पुढं तिनं उंचीत फारशी भर घातली नाही म्हणून ते टिकलं. लग्न झालं नाही. त्याची कारणं शोधण्यात घरच्यांचा बराच काळ गेला, तिचा नाही. थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती. खाली रस्त्याला लागून भावाचं गाड्यांचं गॅरेज, डेंटिंग-पेंटिंगचं. गाडी कशीही चेपून आणा, दादा ती अशी करून द्यायचा की मालकालाही ठोकल्याची जागा सापडू नये. पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. डोळे मिटून बोट फिरवायचा आणि कुठं केसाएवढा खड्डा लागला तर चेहरा असा करायचा जणू कुणी त्याला शिवी दिली.

चिमीचं काम त्याच्या उलट, अगदी बारीक. ती कानाची मशिनं दुरुस्त करायची. चपलांच्या दुकानावरच्या माडीवर एका डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून तिची कामाची खोली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, सुईसारखं टोक असलेली सोल्डरिंग गन आणि काडीएवढे निरनिराळे ब्रश. दिवसभर माणसं यायची आणि तिच्याशी ओरडून बोलायची, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसायचा. ती मशीन साफ करायची, तुटलेली तार जोडायची, कानात बसवून हळूच विचारायची, "आता?" मग समोरचा चेहरा बदलायचा. त्या क्षणावर ती इतकी वर्षं जगली होती असं म्हटलं तरी चालेल.

अशाच एका गिऱ्हाइकानं तिला रॉकेटच्या नादाला लावलं. एका शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दोन्ही कानांना मशीन, अंगात नेहमी खिशांचं जाकीट. एकदा डाव्या कानाचं मशीन घेऊन गेले, दाराशी जाऊन परत आले आणि दुसऱ्या खिशातून काडेपेटीएवढी एक हिरवी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, हिचीही एक तार सुटलीय. माझा हात थरथरतो. जोडता का?"

चिमीनं जोडली. मग विचारलं, "हे कुठल्या कानाचं?"

मास्तर इतके हसले की शेजारच्या दवाखान्यातून नर्स डोकावली. ती पट्टी रॉकेटची होती. माणसाहून उंच पुठ्ठ्याची रॉकेटं बनवून मोकळ्या माळावर उडवणाऱ्या लोकांचा एक क्लब होता आणि मास्तर त्यातले सगळ्यात जुने. पुढच्या सुटीच्या दिवशी चिमी माळावर गेली ती फक्त बघायला. पहिलं रॉकेट सुटलं, कानठळ्या बसवत ढगाकडे गेलं, ठिपका झालं, आणि वर कुठंतरी 'फट्' होऊन नारिंगी हवाई छत्री उमलली. चिमीचं तोंड उघडं राहिलं होतं. ते बंद झालं तेव्हा ती क्लबची सभासद झालेली होती.

घरी मात्र तिनं तोंडातून ब्र काढला नाही. दारूची डबीसुद्धा कोरडी राहावी म्हणून गुपचूप स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली होती. हसतील, एवढीच भीती. ती दारूच्या डबीनं घालवली. दादा हसला नाही. त्यानं डबी स्वतः उचलून गॅरेजमागच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद केली, वर आला आणि म्हणाला, "चिमे, दाखव बघू काय बनवतेयस."

ती बनवत होती तो डबा. रॉकेटची नळी, शेपटाचे पंख, नाक, हे सगळं क्लबातल्या लोकांच्या मदतीनं कधीच झालं होतं. अडलं होतं ते मधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्याशी, आणि तो डबा म्हणजे अख्ख्या रॉकेटची अक्कल. वीतभर लांबीची जाड पुठ्ठ्याची नळी, तिच्या दोन्ही तोंडांना लाकडी झाकणं, आरपार गेलेल्या आट्यांच्या दोन सळ्या, आणि त्या सळ्यांवर सरकणारी प्लायवूडची फळी. फळीच्या एका अंगाला मास्तरांच्यासारखीच हिरवी पट्टी, दुसऱ्या अंगाला चौकोनी बॅटरी. झाकणांच्या बाहेरून अंगठ्याएवढ्या दोन वाट्या, त्यांत ती दारू.

"पट्टी हवा मोजते," चिमीनं सांगितलं. "वर जाईल तशी हवा विरळ होते. विरळ व्हायची थांबली की पट्टी ओळखते, आपण माथ्यावर पोचलो. मग ती दारूला ठिणगी देते. दारू उडते, रॉकेट मधोमध उघडतं, छत्री बाहेर येते."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर छत्री नाही."

दादानं त्या वीतभर नळीकडे पुन्हा एकदा, जरा मान देऊन पाहिलं.

त्यानंतर संध्याकाळी गॅरेज बंद झालं की बहीण-भाऊ मागच्या बाकावर बसू लागले. प्लायवूड दादानं कापून दिलं, कडा अशा घासून दिल्या की फळी नळीत लोण्यासारखी सरकावी. तारा चिमीनं ओढल्या. प्रत्येक सांध्यावर कथलाचा थेंब टाकून ती तार चिमट्यानं ओढून बघायची आणि मान हलवायची. बॅटरी नायलॉनच्या पट्ट्यांनी अशी आवळली की दादानं फळी बाकावर आपटून पाहिली तरी हलली नाही. "हा डबा गाडीखाली आला तरी वाचेल," तो म्हणाला, आणि चिमीला इतकं बरं वाटलं की तिनं विषय बदलला.

चालू-बंद करायला तिनं बाहेर बटण ठेवलं नाही. आत चुंबकावर चालणारा खटका बसवला. बाहेरून नुसतं लोहचुंबक फिरवलं की डबा जागा व्हायचा आणि आतून आवाज यायला लागायचा, टीप-टीप-टीप, थोडं थांबून पुन्हा टीप-टीप-टीप. मी उडायला तयार आहे, वाट बघतोय, असा त्याचा अर्थ. उड्डाण सुरू झालं की हा आवाज बंद. एकदा तिनं फळी काचेच्या बरणीत ठेवून नळीनं तोंडानं हवा ओढली, आणि ओढायची थांबली तेव्हा दारूच्या जागी लावलेले चिमुकले दिवे पटकन लागले. वहिनी दाराआडून बघत होत्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन दादाला सांगून आल्या की तुमच्या बहिणीनं बरणीत वीज पकडलीय.

शेवटी राहिली भोकं. डब्याच्या बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यावर, समान अंतरावर, तीन बारीक भोकं. बाहेरची हवा आत पट्टीपर्यंत पोचायची ती त्यांच्यातूनच. ती चिमीनं आपल्या टेबलावर, भिंगाखाली पाडली. त्या दिवशी दादा गावाबाहेर एक गाडी बघायला गेला होता. डबा रॉकेटमध्ये बसवून तिनं रॉकेट गॅरेजच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं.

रंगाचं दादानं स्वतःहून मागून घेतलं. "रंग तुम्हा लोकांना यायचा नाही, तो माझ्याकडे सोड. उडवायच्या दिवशी सकाळी मी थेट माळावर घेऊन येतो. तोवर बघायचं नाही." आणि चिमीनं त्याला भोकांबद्दल काही सांगितलं नाही. लपवलं नाही, विसरलीही नाही. क्लबात जो तो भोकांवर तासन्‌तास बोलायचा, ती कुणाला ठाऊक नसतील हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्या सकाळी माळावर बऱ्यापैकी वारा होता. क्लबचे लोक टेबलं मांडून बसले होते. दादाची गाडी आली, त्यानं आणि वहिनींनी मिळून चादरीत गुंडाळलेलं रॉकेट बाहेर काढलं आणि चादर ओढली.

टेबलांमागचे लोक उठून जवळ आले. गर्द लाल रंग, त्याच्यावर आरशासारखी झळाळी, मधल्या डब्यावर काळाभोर पट्टा, आणि पंखावर बारीक सोनेरी अक्षरांत 'चिमी'. पुठ्ठ्याचं आहे हे शपथेवर सांगूनही पटलं नसतं. चिमी जवळ गेली. तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला, लांबुडका आणि रडवेला.

"दादा..." ती म्हणाली.

"आवडलं का ते सांग."

मास्तरांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "एक ओरखडा नाही! एक खळगा नाही!" ते मोठ्यानं म्हणाले. "अहो, मी इतकी रॉकेटं पाहिली, असं पाहिलं नाही!" लोक फोटो काढायला लागले. चिमीला रॉकेटशेजारी उभं केलं, मग दादाला, मग दोघांना, मग वहिनींना ओढून आणलं. या सगळ्या गडबडीत चिमीनं वाट्यांमध्ये दारू भरली, छत्रीची घडी तपासली, दोऱ्या ओढून पाहिल्या. भोकांत फुंकर घालून बघायची असते. ती घातली गेली नाही. हात त्या काळ्या पट्ट्यावरून गेला तेव्हा तिच्या मनात एकच विचार होता, की हे माझं आहे.

रॉकेट दांडीवर उभं केलं. तिनं चुंबक फिरवलं. टीप-टीप-टीप. सगळे मागं दोरीच्या अलीकडे आले. मास्तर वाऱ्याला पाठ देऊन त्यांच्या घडीच्या खुर्चीत बसले. वाऱ्यानं कानातली मशिनं शिट्ट्या मारत होती, म्हणून ती काढून त्यांनी जाकिटाच्या खिशात टाकली आणि थर्मासमधून चहा ओतून घेऊ लागले.

मोजणी झाली. चिमीनं कळ दाबली.

रॉकेट गेलं ते सरळ रेघ मारल्यासारखं. लाल रेघ, मग लाल ठिपका, मग नुसता धूर. टाळ्या पडल्या. दादा दोन्ही हात वर करून ओरडत होता. चिमी मान वर करून 'फट्' आवाजाची वाट बघत होती. तिचे कान अशा आवाजाला तयार झालेले. सगळ्यांच्या आधी तिला ऐकू आला असता.

आवाज आला नाही.

ठिपका वर थांबला, कलला आणि खाली वळला.

"छत्री?" कुणीतरी म्हणालं. मग वेगळ्याच आवाजात, "छत्री उघडली नाही! खाली येतंय! वर बघा सगळे, वर बघा!"

वरून एक सुसाट शीळ यायला लागली. ती चढत गेली. वाऱ्यानं रॉकेट लोकांच्याच बाजूला वळवलं होतं. खुर्च्या पडल्या, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. दादानं वहिनींना दंडाला धरून ओढलं. आणि चिमीनं पाहिलं, मास्तर पाठमोरे बसले होते. थर्मासचं झाकण फिरवून लावत होते. "मास्तर!" ती ओरडली. सगळेच ओरडत होते, "मास्तर! पळा! मास्तर!" मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. धावत जावं म्हणून चिमीनं जोर केला, पण पाय उचललाच गेला नाही.

धप्प.

आवाज मोठा नव्हता. एखादं पोतं गाडीतून खाली टाकावं तसा. मास्तरांच्या खुर्चीमागं, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, मातीतून लाल पंख वर आले होते. बाकी सगळं जमिनीत.

मास्तरांच्या कपातला चहा हिंदकळला. त्यांना जमीन हलल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी मागं वळून पाहिलं. पंखाकडे पाहिलं, त्याच्यावरच्या सोनेरी अक्षरांकडे पाहिलं, मग दूर उभ्या असलेल्या, थिजलेल्या माणसांकडे.

"झालं का उडवून?" त्यांनी विचारलं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्याचा रंग कसा उतरतो हे चिमीनं त्या दिवशी पाहिलं. कप हातातून गळून पडला, आणि हात मात्र कप धरल्यासारखाच हवेत राहिला. दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून लांब नेलं.

चिमी रॉकेटजवळ कशी पोचली ते तिला पुढंही कधी आठवलं नाही. तिला फक्त आठवतो तो आवाज. मातीतून, खोलवरून, दाबलेला, बारीक.

टीप-टीप-टीप.

थोडं थांबून, टीप-टीप-टीप.

डबा सांगत होता, मी तयार आहे, वाट बघतोय. म्हणजे आपण उडालो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आभाळात जाऊन आला, जमिनीत गाडला गेला, आणि अजून दांडीवर उभं असल्यासारखा वाट बघत होता. त्याच्यापर्यंत हवा पोचलीच नव्हती.

दादा धावत आला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती उपसायला लागला.

"दादा, हात काढ!"

"अगं, पण..."

"हात काढ आधी! आत दारू तशीच आहे. पट्टी जागी आहे. मागं हो. सगळे मागं व्हा!"

चिमीचा असा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. दादा उताणा पडावा तसा मागं सरकला. चिमी पालथी झोपली. चेहरा एका बाजूला वळवून तिनं चेपलेल्या नळीच्या कडेनं हात मातीत घातला. खिशातलं लोहचुंबक बोटांत धरून अंदाजानं काळ्या पट्ट्याच्या जागी फिरवलं. टीप-टीप चालूच. पुन्हा फिरवलं, जरा खाली. टीप-टीप. तिसऱ्यांदा फिरवताना बोट कापलं, तिनं ओठ दाबून धरले.

आवाज थांबला.

माळावर इतकी शांतता झाली की लांबवर मास्तरांना कुणीतरी पाणी पाजत होतं, त्या फुलपात्राचा दातांवर वाजलेला आवाजही तिला ऐकू आला.

मग फावड्यानं सावकाश खणलं. नाकाचा भुगा झाला होता, नळीच्या चिंध्या. डबा मात्र धडधाकट. चिमीनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि पट्ट्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. मग केसांतली पिन काढून तिनं एका जागी टोकरलं. काळा रंग निघाला, त्याखाली करडा थर, आणि त्याखाली पांढरीफेक पुट्टी.

"काय झालं गं?" दादा हळूच म्हणाला. त्याचं तोंड मातीनं माखलं होतं.

"भोकं बुजलीत."

"कुठली भोकं?"

चिमीनं डबा त्याच्यापुढं धरला. दादा पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिला.

"तीन होती," तो म्हणाला. "मला वाटलं तुझं ड्रिल घसरलं. म्हटलं चारचौघांत दिसायला नको. चिमे, मी... चांगली दाबून भरली गं मी. तीनदा घासली."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. दादा उठला, दोन पावलं चालला आणि गाडीच्या टपावर डोकं टेकून उभा राहिला.

घरात शिरल्यावर वहिनींचा बांध फुटला. "दोघांनी मिळून माणूस मारला असता! एकानं भोकं पाडायची, एकानं बुजवायची, आणि एकमेकांना सांगायचं नाही! एका घरात राहता ना?" मग त्या रडायलाच लागल्या, आणि त्यांना गप्प करता करता दादाही.

पुढचे काही दिवस चिमीच्या हातून काम होईना. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि ती ऐकत असायची ते मातीखालचं टीप-टीप. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं मशीन बॅटरी संपली म्हणून वाजलं, तर चिमी खुर्चीतून उठून भिंतीला जाऊन टेकली. घराखाली गॅरेजात दादानं गाड्या घ्यायचं बंद केलं. पुट्टीचा डबा उघडायचा, पत्र्याचं पातं हातात घ्यायचा आणि तसाच उभा. गॅरेजपुढं एक दार चेपलेली गाडी तशीच उन्हात उभी होती.

मास्तर आले ते न सांगता. जिना चढून तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले, कानातली मशिनं काढून टेबलावर ठेवली. चिमी ती साफ करू लागली. आता काही बोललं तरी मास्तरांना ऐकू येणार नव्हतं. मशिनं कानात बसवल्यावर तिनं विचारलं, "आता?"

"येतंय ऐकू," मास्तर म्हणाले. मग खुर्ची जरा पुढं ओढून, "बाई, त्या दिवशी माळावर पाणी प्यायलो आणि सावरलो असं वाटलं. घरी गेलो, बूट काढायला वाकलो आणि तिथंच बसलो. उठताच येईना. मुलीनं उचललं मला. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. पण मी आता येईनसं वाटत नाही माळावर. नुसता विचार केला तरी मान आपोआप वर जाते."

"मास्तर, मी तपासायला हवं होतं."

"हो," मास्तर म्हणाले. "हवं होतं. आणि मीही. एक खळगा नाही म्हणून ओरडणारा मीच होतो की." ते हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

क्लबच्या सभेत चिमीला झालेलं सगळं सांगायचं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "भोकं बुजलेली होती. उडवण्याआधी मी फुंकर घालून बघितली नाही. रॉकेट माझं होतं, बघायचं काम माझं होतं." ती खाली बसणार तोच मागच्या रांगेतून दादा उठला. त्याला तिथं कुणी बोलावलं नव्हतं, तो कधी आला हेही चिमीला कळलं नव्हतं.

"बुजवली मी," तो म्हणाला. "ती सांगणार नाही, म्हणून मी सांगायला आलो. मला माहीत नव्हतं." क्लबच्या अध्यक्षबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि ठरलं ते असं, की यापुढं प्रत्येक रॉकेटच्या भोकांत दोन वेगळ्या माणसांनी फुंकर घालायची, आणि चिमीनं वाटलं तर पुन्हा बनवावं.

वाटलं तर. चिमीला ते बरेच महिने वाटलं नाही. जुना डबा तिनं फेकलाही नाही आणि उघडलाही नाही. मग एका रविवारी ती खाली गॅरेजात गेली. दादानं तोवर हळूहळू कामाला हात घातला होता. तिनं विचारलं, "प्लायवूड आहे का रे?"

दादानं हातातलं पातं खाली ठेवलं. "पुन्हा?"

"पुन्हा."

"मी रंग लावणार नाही."

"लावू नकोस. फळी काप."

दुसरं रॉकेट तांबूस पुठ्ठ्याच्या रंगाचंच राहिलं, वर नुसता वार्निशचा हात. माळावर नेलं तेव्हा आधी चिमीनं फुंकर घातली, मग अध्यक्षबाईंनी, मग दादानं, आणि मग कुणी सांगितलं नसताना दादानं पुन्हा. मास्तर आले नव्हते. त्यांची जागा म्हणून कुणी मोकळी ठेवली नव्हती, तरी त्या बाजूला कुणी खुर्ची टाकली नाही.

कळ दाबल्यावर चिमीनं वर बघितलंच नाही. ती गुडघ्यांत डोकं घालून जमिनीवर बसली. वरून 'फट्' झालं. लोकांनी श्वास सोडला तो तिला ऐकू आला. तरी तिनं मान वर केली नाही. शेजारी वहिनी डोळे गच्च मिटून, दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या.

"उघडली का छत्री?" वहिनींनी विचारलं.

"उघडली वाटतं."

"वाटतं म्हणजे? बघा ना!"

"तुम्ही बघा."

"मी नाही बघणार बाई."

बघत होता तो एकटा दादा, मान मोडेस्तोवर वर. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो मोठमोठ्यानं सांगत होता, "येतंय. सावकाश येतंय. डावीकडे गेलं. अजून वर आहे. चिमे, अजून वरच आहे."